डीमन (पार्श्वसेवा)

डीमन : संगणकात कोणत्याही वापरकर्त्याच्या टर्मिनलशी जोडलेली नसलेली, पार्श्वभूमीवर अखंड चालणारी व मागणी येताच सेवा पुरविणारी आज्ञावली. वेब सर्व्हर, ई-मेल पोहोचविणारी यंत्रणा, मुद्रणाची रांग सांभाळणारी व्यवस्था इ. या प्रकारात मोडतात. वापरकर्ता उठून गेल्यावर अशी आज्ञावली चालू कशी ठेवावयाची, ती बंद पडल्यास पुन्हा कोणी सुरू करावयाची व तिला किती अधिकार द्यावयाचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून डीमनचा इतिहास घडला आहे.

नामोत्पत्ती : जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६७ मध्ये रेणूंची गतीनुसार निवड करणाऱ्या एका काल्पनिक जीवाची कल्पना मांडली. पुढे तो ‘मॅक्सवेलचा डीमन’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९६३ च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ‘प्रॉजेक्ट मॅक’च्या संशोधकांनी, न दिसता सतत राबणाऱ्या आज्ञावलींना हेच नाव दिले. फायलींच्या प्रती आपोआप चुंबकीय फितीवर उतरविणारी आज्ञावली ही त्यांतील आरंभीची होय.

युनिक्समधील पद्धती : केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत टर्मिनलचा दूरध्वनिमार्ग तुटला की, त्यावर चालणाऱ्या प्रक्रियांना तसा संकेत मिळे व त्या सर्वसाधारणपणे संपत. हे टाळण्यासाठी आज्ञावली स्वतःची दुसरी प्रक्रिया निर्माण करी आणि मूळ प्रक्रिया लगेच संपे. ‘अनाथ’ झालेल्या प्रक्रियेस प्रणालीतील पहिली प्रक्रिया ‘इनिट’ दत्तक घेई. अनाथ प्रक्रिया मग टर्मिनलशी असलेला संबंध तोडी व आपला क्रमांक एका फाइलीत नोंदवून ठेवी. मार्ग तुटल्याचा संकेत डीमनला निरुपयोगी ठरल्याने पुढे तोच ‘मांडणीची फाइल पुन्हा वाच’ या अर्थी रूढ झाला.

या पद्धतीत मोठी उणीव होती. डीमन मध्येच संपला, तर त्याची दखल सहसा कोणी घेत नसे. नोंदविलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्याच प्रक्रियेस मिळू शके व थांबविण्याची आज्ञा भलत्याच प्रक्रियेवर जाई.

वेब सर्व्हर व अधिकार : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या संस्थेत पहिला वेब सर्व्हर चालविला. तो एका साध्या मेजावरील संगणकावर असल्याने, यंत्र बंद करू नये अशी हस्तलिखित चिठ्ठी त्यावर डकविलेली होती. अखंड सेवेची जबाबदारी तेथे अशा प्रकारे माणसांवरच होती.

युनिक्समध्ये १०२४ खालील पोर्ट उघडण्याचा अधिकार परंपरेने सर्वाधिकारी वापरकर्त्यासच असे. वेबचे पोर्ट मात्र ८० होते. अशा सेवेतील दोष किती महागात पडतो, हे नोव्हेंबर १९८८ मधील ‘मॉरिस वर्म’ने दाखविले होते. फिंगर व ई-मेल या सेवांच्या डीमनांतील त्रुटींचा लाभ घेऊन त्याने हजारो संगणकांत शिरकाव केला. १९९५ मध्ये प्रसृत झालेल्या अपाची सर्व्हरमध्ये मुख्य प्रक्रिया सर्वाधिकारासह पोर्ट उघडे. प्रत्यक्ष मागण्या मात्र अल्पाधिकारी उपप्रक्रिया हाताळत.

पर्यवेक्षणाचा उदय : १९९३ मधील विंडोज एन्‌टीत सेवांचे नियंत्रण करणारी स्वतंत्र व्यवस्था आरंभापासूनच होती. मॅक प्रणालीत २००५ मध्ये ‘लाँचडी’ आले. लिनक्ससाठी लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये ‘सिस्टमडी’ सादर केले. लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये आलेल्या प्रक्रियागटांच्या सोयीमुळे सेवेच्या सर्व उपप्रक्रियांचा माग त्यास ठेवता येतो. एका छोट्या फाइलीत सुरू करण्याची आज्ञा, वापरकर्त्याचे नाव व सेवा कोलमडल्यास काय करावे हे लिहिले की पुरते. तथापि एकाच व्यवस्थेकडे इतकी कामे सोपविण्यास तीव्र विरोध झाला. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. असंतुष्टांनी त्याच वर्षी ‘देवुआन’ ही वेगळी शाखा काढली.

या परिवर्तनामुळे वेब अनुप्रयोगास स्वतः डीमन बनण्याची गरज उरलेली नाही. तो साध्या आज्ञावलीप्रमाणे चालतो व त्याची देखभाल पर्यवेक्षक करतो. त्यास किती अधिकार द्यावयाचे, हा निर्णय मात्र ती फाइल लिहिणाऱ्या माणसाकडेच राहिला आहे.