डिंकाचे लाडू आणि २०० किलोमीटर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं घरगुतीच आहे. ताईला एक उत्तर द्यायचं राहिलंय, आणि फोनवर दिलं तर ती अर्ध्यात तोडेल. लिहिलेलं मात्र ती शेवटपर्यंत वाचते, चुका काढायला का होईना :)

झालं असं, की भाच्याला सायकलचं वेड मी लावलं. पुण्यातल्या सायकलवाल्यांना ब्रेव्हे हा प्रकार ठाऊक असतोच. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांची मुदत, शर्यत नाही, आपलं आपण पूर्ण करायचं. भाच्याची ही पहिलीच वेळ. त्याने परदेशी एनर्जी जेलची पाकिटं मागवली होती. ती मी हातात घेतली, किंमत बघितली आणि प्रवचन सुरू केलं. "मावळ्यांनी कुठे जेल खाल्ली होती रे? गूळ-शेंगदाणे खाऊन गड चढले ते!" पाकिटं माझ्या कपाटात गेली. त्याच्या खिशात आईच्या पद्धतीचे डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि प्यायला साधं पाणी. सगळं कसं नैसर्गिक, घरचं, पूर्वापार चालत आलेलं.

मार्चचा महिना होता. जाताना खंबाटकी घाट पोरगं हसत चढलं. परतीला शिरवळ ओलांडल्यावर मात्र बोलेना. हात थरथरायला लागले, डोकं दुखायला लागलं, लाडू पुढे केला तर तोंड फिरवलं. मग सायकल रस्त्याकडेला टेकवून तो सरळ मातीत बसला. पाणी तर भरपूर प्यायला होता. एका टपरीवरच्या मावशींनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता लिंबू पिळलं. भरपूर साखर, वर चांगलं चिमटीभर मीठ. दोन ग्लास सरबत, मग केळं, मग चहात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं. अर्ध्या तासात गडी उठून उभा राहिला. ब्रेव्हे वेळेत पूर्ण झाली, पण घरी गेल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. ताईचं वाक्य होतं, "तुझ्या हट्टापायी माझ्या पोराला काही झालं असतं म्हणजे?"

तेव्हा मी गप्प बसलो. नंतर पुस्तकं काढून बसलो, कारण मला स्वतःलाच कळेना. घरचं, कसदार अन्न खाऊन तो कोसळला कसा? आणि टपरीवरच्या मावशींना जे कळलं ते मला का कळलं नाही?

पहिला फटका मावळ्यांपासूनच बसला. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसानंतरच्या काळात तो समुद्रमार्गे जगभर पसरला आणि आपल्याकडे त्याची शेती खऱ्या अर्थाने फोफावली ती १९ व्या शतकात. म्हणजे शिवकाळातल्या मावळ्याच्या शिदोरीत भाकरी, कांदा, गूळ असेल, पण शेंगदाणे असण्याची शक्यता फारच कमी. तीच गोष्ट उपासाच्या साबुदाण्याची. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही अमेरिकेतलाच. राजगिऱ्याची कथा तर आणखी गमतीची. मेक्सिकोतले अझ्टेक लोक राजगिरा गोड पाकात कालवून त्याच्या देवांच्या मूर्ती करत. स्पॅनिश राज्यकर्त्यांना ते धर्माविरुद्ध वाटलं आणि त्यांनी या धान्यावरच गदा आणली. तरी ते टिकलं. आजही मेक्सिकोत 'आलेग्रिया' नावाची राजगिऱ्याची वडी मिळते. 'आलेग्रिया' म्हणजे आनंद. फोटो बघितला तर आपल्या एसटी स्टँडवरची राजगिऱ्याची चिक्कीच!

या सगळ्यात खरोखर आपला म्हणावा असा एक गूळ. उसापासून गूळ आणि साखर करण्याची विद्या भारतातूनच जगभर गेली. युरोपीय भाषांमधले साखरेचे शब्दसुद्धा आपल्या 'शर्करा'पासून निघालेत. आणि भाच्याला त्या दिवशी नेमकं तेच कमी पडलं होतं.

आता सायकलकडे वळतो. १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शार्ल तेराँ नावाच्या गड्याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, जवळजवळ न झोपता. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्सचा पहिलाच टप्पा होता पॅरिस ते लियाँ, ४६७ किलोमीटर. एका दमात! त्या काळी यांना काय खाऊ घालावं याचं शास्त्र असं नव्हतंच. मांस, अंडी आणि वाइन. दारूने ताकद येते असा पक्का समज होता. पुढे कित्येक वर्षं स्वार वाटेतल्या कॅफेंमध्ये घुसून बाटल्या पळवत आणि बिल आयोजकांच्या माथी मारत. १९२४ साली पेलिसिये बंधूंनी शर्यत सोडली आणि आल्बेर लाँद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या उलट्या केल्या. आत निघालं कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या. तेव्हा 'पूर्वीचे लोक सगळं नैसर्गिक खायचे' हेसुद्धा प्रत्येक ठिकाणी खरं नाही.

योगायोग बघा, त्याच १९२४ साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेवर काही डॉक्टर रक्त तपासत उभे होते. इन्शुलिनचा शोध लागून तीनच वर्षं झाली होती. धावून आलेल्यांपैकी काहींची अवस्था डॉक्टरांना ओळखीची वाटली. पांढरा पडलेला चेहरा, थरथर, गोंधळलेलं डोकं. इन्शुलिन जास्त झालेला रुग्ण असाच दिसतो. रक्त तपासलं तर साखर खरोखर खाली गेलेली. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय जेवण दिलं आणि वाटेत गोळ्या खायला दिल्या. चघळायच्या साध्या गोड गोळ्या बरं का. ती माणसं सुस्थितीत शेवटपर्यंत पोचली. शिरवळच्या पुढे मातीत बसलेला माझा भाचा १९२४ मध्येच समजला होता, मलाच तो शंभर वर्षांनी समजला.

कारण कळायला अजून चार दशकं गेली. १९६६ मध्ये स्वीडनचे बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोन संशोधक एकाच व्यायामाच्या सायकलवर दोन बाजूंनी बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, दुसरा पाय विश्रांतीला. मग सुईने स्वतःच्याच मांड्यांचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जवळपास संपलेला. न दमलेल्या पायात होता तसाच. हा साठा सगळ्या शरीरात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जोराची सायकल मारली तर दोनेक तासांत तळ दिसायला लागतो. चरबी ढीगभर असते, पण ती सावकाश जळते. म्हणून वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी.

आता डिंकाच्या लाडवाकडे बघा. तूप, खोबरं, बदाम, खारीक, तळलेला डिंक. बाळंतिणीसाठी, थंडीसाठी उत्तमच. पण तुपाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल. चिक्कीतला गूळ कामाचा होता, पण दाण्यांच्या मागे अडकलेला. थोडक्यात, मी पोराला चुलीत घालायला ओला ओंडका दिला होता आणि त्याला हव्या होत्या काटक्या.

राहिलं पाणी. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. हे प्रमाणाबाहेर गेलं तर जिवावर बेतू शकतं. ताई, तू म्हणालीस ते म्हणूनच खरं होतं. मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं, ते चुकलं.

मावशींच्या सरबताचं गुपित १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडलं. आतड्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी डॉ. रॉबर्ट केड यांनी पाणी, मीठ आणि साखर असं पेय केलं. ते इतकं बेचव होतं की कोणी पिईना. तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवलं, यात लिंबू पिळा. तेच गेटोरेड. म्हणजे आपलं लिंबाचं सरबतच की!

पण याहून मोठी गोष्ट आपल्याच देशात घडली. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे वाचल्यापासून मला साखर-मिठाच्या पाण्याकडे 'साधं' म्हणून बघता येत नाही.

मग जेल वाईट का? तेही नाही. १९८६ मध्ये ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉनपटूने पॉवरबार बाजारात आणला, तोही स्वतः एका शर्यतीत असाच गळून गेल्यावर. त्याने चुलीवर केलेला लाडूच तो, फक्त तुपाशिवाय. उलट २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर दामटवलं, एकदा केळी देऊन, एकदा स्पोर्ट्स ड्रिंक देऊन. वेळेत फरक पडला नाही. आणि केरळात जन्मलेले बिजू थॉमस नावाचे आचारी, ॲलन लिम या तज्ज्ञाबरोबर, अमेरिकेतल्या व्यावसायिक सायकलपटूंना काय बांधून देतात माहितीये? मऊ भाताच्या वड्या! म्हणजे प्रश्न घरचं की विकतचं हा नाहीच. कुठल्या घडीला पोटाला काय झेपतं, हा आहे.

मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२३ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. साडेचार वर्षं कोण घरचे लाडू पुरवणार? ज्या गावी पोचले तिथल्या चुलीवर जे शिजलं ते खाल्लं असणार. मला वाटतं परंपरा खरी तीच. वाटेवरच्या मावशींचं ऐकणं!

तर ताई, यापुढची शिदोरी अशी. ७५० मिलीच्या बाटलीत तीन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. खिशात केळी, खजूर, मनुका, राजगिऱ्याची वडी. आणि कमी तुपाचा, कमी खोबऱ्याचा नारळीभात, थापून वड्या पाडून फॉइलमध्ये गुंडाळलेला. तो तूच करायचास, माझ्या हातचा चिकट होतो.

डिंकाचे लाडू घरी परतल्यावर. भाच्याची ३०० ची ब्रेव्हे पुढच्या महिन्यात आहे आणि तो मला सोबत नेणार म्हणतोय. कपाटातली जेलची पाकिटं मी त्याला परत दिली आहेत.