नाकावरचा डाग : उपकरणांनी दिलेल्या जखमांचा इतिहास

१/११
बिबवेवाडीतल्या आमच्या घरी आजीच्या नाकाच्या दांडीवर नखाएवढा फिकट डाग आहे. २०२१च्या उन्हाळ्यात ती करोनामुळे रुग्णालयात होती. दाबाने प्राणवायू देणारा मास्क कित्येक दिवस तिच्या चेहऱ्यावर आवळलेला होता. ती वाचली, डाग राहिला. आजचा धागा या डागाविषयी.

२/११
दीर्घकाळ पडून राहिल्याने माकडहाडावर वा टाचेवर होणारे शय्याव्रण सर्वांना ठाऊक आहेत. परंतु मास्क, नळ्या, प्लास्टर, पट्टे यांच्याखालीही व्रण होतात. हाड आणि उपकरण यांच्यामध्ये कातडी सापडते, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, पेशी मरतात. नाकाच्या दांडीवर चरबीचा थर जवळजवळ नसतोच. म्हणून ती जागा फार लवकर हार मानते.

३/११
मग मास्क सैल का ठेवत नाहीत? कारण सैल मास्कमधून हवा निसटते आणि रुग्ण गुदमरतो. हा पेच नवा नाही. मोडलेल्या हाडाच्या उपचारांत सुश्रुतसंहिता नेमके हेच सांगते : बंध फार सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट असेल तर कातडीला सूज, वेदना आणि पाक होतो. म्हणून बंध मध्यम असावा.

४/११
एवढ्यावर ती थांबत नाही. शरीराच्या जागेनुसार गाढ, सम आणि शिथिल असे बंधाचे तीन प्रकार ती मानते. अस्थिभंगाचा बंध थंड ऋतूत सात दिवसांनी, सौम्य हवेत पाच दिवसांनी, तर उष्ण काळात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, असा नियम देते. बंध सोडून खालची कातडी पाहण्याचे वेळापत्रकच ते!

५/११
आता पुण्याकडे येऊ. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक वृत्तांत छापून आला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका वैद्यकाराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. वृत्तांतात या माणसाची जात वीट करणाऱ्याची दिली आहे, नाव मात्र नाही.

६/११
प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा प्रसंग प्रसिद्धच आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा तपशील. जखमेवर काथ लावलेल्या कापडाच्या घड्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे तुकडे. नाकात काहीतरी ठेवणे भागच होते. ते मऊ असावे हे त्या हातांना ठाऊक होते. सुश्रुत आणि हा कारागीर यांना एका सरळ रेषेत जोडण्याची घाई मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये.

७/११
एकोणिसाव्या शतकात उपकरणे कठीण झाली. १८५२मध्ये डच लष्करी शल्यविशारद माथायसेन याने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. हाडे नीट जुळू लागली, पण आतली कातडी दिसेनाशी झाली. त्याच शतकात वाद पेटला : फ्रान्सचा शार्को अशा व्रणांचे मूळ मज्जासंस्थेच्या बिघाडात पाही, फ्लॉरेन्स नाइटिंगेल दोष शुश्रूषेला देई.

८/११
१९४४मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग उभारला. अशा रुग्णांचे मरण अटळ मानले जाई. व्रणातील जंतुसंसर्ग हे त्याचे एक मोठे कारण. गुटमान यांनी प्लास्टरच्या शय्यांना विरोध केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली. व्रण टाळता येतात, हे सिद्ध झाले.

९/११
तेथेच १९४८मध्ये सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतून पॅरालिंपिक घडले. १९६५च्या युद्धात कण्याजवळ गोळी लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्या पदकाच्या पूर्वेतिहासात रात्री उठून कूस बदलणारे अनामिक हातही आहेत.

१०/११
१९५२च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीतून आजचा अतिदक्षता विभाग आकाराला आला. श्वासनलिकेतील नळीने जीव वाचू लागले आणि देहाला टेकणारी उपकरणे वाढत गेली. तरीही अमेरिकेतील दाबव्रणविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने उपकरणजन्य दाबव्रणाची स्वतंत्र व्याख्या आपल्या वर्गीकरणात घातली ती २०१६मध्ये. चारच वर्षांनी करोना आला.

११/११
मग आजीच्या डागाचा दोष कोणाचा? तेव्हा एकेका परिचारिकेवर कितीतरी खाटांचा भार होता. मास्क उचलून खाली पाहायलाही मोकळा हात लागतो, आणि तोच अपुरा होता. नाइटिंगेलचा ठपका इथे जसाच्या तसा लावणे मला अन्यायाचे वाटते. कातडी पाहायला पुरेसे हात नेमले नाहीत, हा प्रश्न खाटेजवळच्या परिचारिकेचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. आजीला त्या दिवसांतले फारसे आठवत नाही. एका रात्री कोणीतरी मास्क क्षणभर उचलून नाकावर कापसाची घडी ठेवली, एवढे मात्र ती अजून सांगते. त्या मुलीचे नावही आम्हांला ठाऊक नाही.