दोन नोकऱ्या, एक पेन्शन?

२०१४ साली अंबाल्याला पोस्टिंग असताना एक माताजी कागदांची पिशवी घेऊन ऑफिसात आल्या. पती १७ वर्षे फौजेत, नंतर १८ वर्षे केंद्र सरकारच्या एका खात्यात. २००९ मध्ये ते वारले, तेव्हा माताजींना दोनपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन घ्यावे लागले. "साहेब, नोकऱ्या तर त्यांनी दोन केल्या ना?"

नियम तसाच होता. जवान स्वतः हयात असेपर्यंत दोन्ही पेन्शन घेऊ शके. तो गेला की विधवेची एक बंद. यामागचा विचार असा, की तिजोरी एकच, मग आधारही एकच पुरे.

पण पेन्शन म्हणजे मेहेरबानी नव्हे, झालेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजीच सांगितले होते. शिवाय जवान ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. दुसरी नोकरी ही त्याची हौस नसते, गरज असते.

अखेर सरकारने २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने मान्य केली. माताजींना हे ठाऊकच नव्हते. आम्ही अर्ज भरला, दुसरे सुरू झाले. २०१२ पूर्वीची थकबाकी मात्र नाही. नियम बदलला, गेलेली वर्षे परत आली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी एखादी वीरपत्नी, एखादी फौजी विधवा असेल, तर तिचे कागद एकदा बघा.

जय हिंद!