डेलियाचे कंद हिवाळ्यात काढायचे की उन्हाळ्यात?

थंडीआधी डेलियाचे कंद काढून घरात ठेवा, असं परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात. तिथे जमीन गोठते, कंद सडतात. यवतमाळमध्ये मात्र हिवाळा हाच बहराचा काळ. तेव्हा कंद काढले तर फुलंच गेली! इथे धोका आहे तो चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्याचा आणि नंतरच्या पावसाचा.

बहर संपून पानं पिवळी पडली की पाणी हळूहळू बंद करावं. झाड वाळल्यावर खोड चार बोटं ठेवून कापावं. कंद अलगद काढून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या वाळूत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावेत. घड तोडू नये. कंद कितीही टपोरा असला तरी खोडाजवळचा डोळा नसेल तर तो फुटत नाही. अधूनमधून पाहून मऊ पडलेले कंद काढावेत. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा कुंडीत लावावेत.