वाशिममध्ये घर भाड्याने घेताय? आधी पाणी, मीटर आणि करार बघा

बदलीची ऑर्डर आली, वाशिमला रुजू व्हायचंय, आता घर कुठे मिळेल? पुण्या-मुंबईसारखं मोबाइलवर शोधून इथे फारसं हाती लागत नाही. ऑफिसातले सहकारी, किराणा दुकानदार आणि गेटवर लटकणारी 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी, यांचाच खरा उपयोग होतो.

वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळं होऊन जिल्हा झालं. जिल्ह्याचं ठिकाण म्हटलं की कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, न्यायालय आणि बदलून येणारे कर्मचारी आलेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये होतात आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे घर शोधणाऱ्यांची गर्दी याच दोन-तीन महिन्यांत. जमत असेल तर त्याआधीच चक्कर मारून या.

सिव्हिल लाईन, लाखाळा, आययूडीपी कॉलनी अशा भागांत मोठ्या सोसायट्यांपेक्षा 'खाली मालक, वर भाडेकरू' अशी घरं जास्त. भाडं ऐकून लगेच हो म्हणू नका. शहराला एकबुर्जी धरणातून पाणी येतं. उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, बोअर आहे का, ते आटतं का, हे मालकापेक्षा शेजारच्यांना विचारलेलं बरं.

दुसरा प्रश्न मीटरचा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी. तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल महागड्या टप्प्यात जातं. स्वतंत्र मीटर असलेलं घर थोडं जास्त भाडं देऊनही परवडू शकतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, करार. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज सगळीकडे आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. म्हणजे 'ओळखीचाच आहे, कागद कशाला' म्हणणारा मालकच जास्त अडचणीत येतो! नोंदणीकृत कराराचा त्यालाही फायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च किती? महिना ५,००० भाडं आणि १०,००० डिपॉझिट धरू. अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे दीड-दोनशे रुपये. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी आधारच्या आधारे ऑनलाइनही होते. डिपॉझिट कधी आणि कशातून कापून परत मिळणार, तेही त्याच करारात लिहून घ्या.