सिकलसेलची हाडदुखी आणि संशोधकांची घडण

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनमधील एकच अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडताच गोल लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. विदर्भातील या आजाराची नोंद जुनी आहे. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली प्रसिद्ध झाले होते.

रुग्णाला सर्वाधिक छळते ती हाडदुखी. अस्थिमज्जेत प्राणवायू मुळातच कमी असतो. तेथील सूक्ष्म वाहिन्यांत ताठर पेशी अडकल्या की पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो, दाह निर्माण होतो आणि पाठ, मांड्या, छाती असह्य दुखू लागते. तान्ह्या मुलांत हातापायांची बोटे सुजतात. प्रौढांत मांडीच्या हाडाचे डोके झिजून चालणे अवघड होते. शरीरातील पाणी घटणे, थंडी, ताप आणि अतिश्रम ही या झटक्यांची परिचित कारणे. धानाच्या जिल्ह्यात पावसात भिजत, चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या मजुराला ती टाळा असे सांगणे सोपे, पाळणे कठीण.

वेदना वारंवार होत राहिल्या की मज्जासंस्थाच संवेदनशील बनते आणि झटका नसतानाही दुखणे मागे राहते. ही वेदना रक्ताच्या काचपट्टीवर दिसत नाही, क्ष-किरणातही बहुधा दिसत नाही. ती रुग्णाला विचारूनच मोजावी लागते. झाडीबोली, गोंडी वा पोवारी बोलणारा रुग्ण प्रमाण मराठीतील शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर नेमका आकडा देईलच असे नाही. त्याचे दुखणे टिपणारी प्रश्नावली त्याच्याच बोलीत तयार करणे, ती पडताळून पाहणे आणि महिनोन्महिने पाठपुरावा करणे हेच खरे संशोधन. त्यासाठी माणसे घडवावी लागतात. युरोपीय संघाच्या निधीतून कोपनहेगन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली हाडदुखीवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांचे प्रशिक्षण जाळे २०१० नंतरच्या दशकात उभे राहिले, ते याच कारणासाठी.

स्थानिक संशोधनाने काय साधते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. अमेरिकेत १९९८ साली त्यास सिकलसेलसाठी मान्यता मिळाली; मात्र तेथे मात्रा हळूहळू वाढवत नेतात व रक्ततपासण्या वारंवार कराव्या लागतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या ६० मुलांवर दररोज किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी व स्थिर मात्रा तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनेचे झटके लक्षणीय घटले. स्वस्त आणि खेड्यात पेलणारी अशी मात्रा परदेशातील प्रयोगशाळेतून आपसूक आली नसती.

नव्या महागड्या औषधांचा अनुभव मिश्र आहे. २०१९ साली मान्यता मिळालेले व्हॉक्सेलोटर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले, तर क्रिझानलिझुमॅबची युरोपातील मान्यता २०२३ मध्ये रद्द झाली. जनुक-संपादनावर आधारित उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याची किंमत लाखो डॉलरच्या घरात आहे. तीव्र झटक्यात मॉर्फिन अजूनही महत्त्वाचे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन त्याचा वैद्यकीय वापर सुकर करण्यात आला, पण वेदनेचे योग्य मोजमाप करणारा डॉक्टर नसेल तर या तरतुदीचा उपयोग मर्यादितच.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीत रुग्ण सापडतो, पण त्याची वेदना त्याने कमी होत नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे रुग्ण आणि विद्यार्थी एकाच आवारात येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली सुरू केलेली एमबीबीएस विद्यार्थ्यांची अल्पकालीन संशोधन योजना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला प्रबंध, या दोन्ही वाटांनी हाडदुखी हा विषय हाती घेता येतो. मात्र दोन महिन्यांच्या प्रकल्पात वर्षभर येणाऱ्या झटक्यांची नोंद होत नाही. एका तुकडीने तयार केलेली रुग्णनोंदवही पुढच्या तुकडीने चालू ठेवली, आणि तिच्यात रोवणीच्या व थंडीच्या महिन्यांतील झटके वेगळे टिपले, तरच उपयोगी माहिती हाती लागेल.