आमरी घरात कशी आली

आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, इतिहास सांगताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंड, पैसेवाल्या हौशी लोकांना लागलेले वेड, लंडनच्या लिलावात एकेका रोपावर चढणारी बोली, आणि त्या रोपांसाठी ब्राझीलपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या रानांत जीव धोक्यात घालणारे शोधक. ही गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातून एवढेच कळते की आमरी युरोपात कशी पोचली. पोचल्यावर ती तिथे जगायला कशी शिकली, आणि आज पुण्या-ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीच्या गजाला टांगलेल्या कुंडीत ती निवांत कशी फुलते, याचे उत्तर त्या गोष्टीत मिळत नाही. ते शोधायला लागले की लिलावातले धनिक मागे पडतात आणि निराळीच माणसे पुढे येतात: दुसऱ्याच्या बागेत राबणारे माळी, लंडनच्या धुरकट वस्तीतला एक डॉक्टर, घरच्या बागेत रमणारी सिंगापूरची एक बाई. रोज सकाळी रोपापाशी जाऊन कालच्यापेक्षा आज काय वेगळे दिसते हे बघण्यात ज्यांना आनंद वाटत होता, अशांनी आमरी घरात आणली, असे माझे म्हणणे आहे. फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून या आनंदाला इतिहासात कोपऱ्यात बसवले जाते. आमरीच्या बाबतीत मात्र ज्ञान वाढले ते त्यातूनच.

सुरुवातीची काही दशके इंग्लंडमध्ये आमरी आणली जात होती आणि मरत होती. 1818 मध्ये विल्यम स्वेन्सन यांनी ब्राझीलहून पाठवलेल्या वनस्पतींतली एक आमरी विल्यम कॅटली या हौशी संग्राहकाकडे फुलली. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या नावावरून तिला ‘कॅटलिया’ हे नाव दिले, आणि अशी रोपे आपल्याकडेही असावीत असे अनेकांना वाटू लागले. पण ती वाढवायची कशी? उष्ण कटिबंध म्हणजे अंधारे, कोंदट, वाफेने भरलेले जंगल, अशी त्या काळी समजूत होती. खुद्द लिंडलींनी 1830 च्या सुमारास दिलेला सल्ला भरपूर उष्णता, दाट सावली आणि कायमची ओल यांचाच होता. त्याबरहुकूम विटांच्या धुरनळ्यांनी तापवलेली बंदिस्त काचघरे उभी राहिली. हिमालयाच्या उतारावरची, अँडीजच्या थंड धुक्यातली, किनारपट्टीच्या दमट रानातली अशी सगळी रोपे एकाच भट्टीत डांबली गेली. साठवलेल्या बळावर ती काही दिवस तग धरत, मग मुळे कुजत. मालकाकडे पैसा असल्याने तो पुढच्या जहाजातून नवी रोपे मागवी. तोट्याची झळ लागत नसल्यामुळे चूक तपासण्याची निकडही कोणाला वाटत नसे.

त्या चुकीचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्या देशातला आहे. निळ्या फुलांची वांडा ही आमरी विल्यम ग्रिफिथ यांनी 1837 मध्ये खासी टेकड्यांत टिपली होती. पुढे रोपे गोळा करणाऱ्या थॉमस लॉब यांनी पाठवलेले रोप इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेत 1850 मध्ये फुलले आणि तिची किंमत आभाळाला भिडली. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत हिंडत होते. 1854 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी या वांडाचे मूळ घर बारकाईने रंगवले आहे. तीन-चार हजार फूट उंचीवरचे कोरडे गवताळ डोंगर. त्यांवर बुटकी, वेडीवाकडी, विरळ पानांची झाडे. त्यांच्या फांद्यांवर वांडा ऊन, वारा, पाऊस सगळे अंगावर घेत उभी. फांदीवर शेवाळाचा मागमूस नाही, मुळे खरबरीत कोरड्या सालीवर पसरलेली. पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, पण कोंदट उष्मा कधीच नसतो, आणि फुलण्याच्या दिवसांत तापमान साधारण 15 ते 27 अंश सेल्सियस. इंग्लंडमध्ये तिला जे काही दिले जाते ते याच्या नेमके उलट आहे, हे हूकर यांनी स्पष्ट लिहिले. याच मजकुरात दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती वाचताना जीव हळहळतो. क्यूच्या राजोद्यानासाठी त्यांनी सात माणसांच्या ओझ्याएवढी वांडा गोळा केली, त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. जागा पाहून ठेवायला एका गृहस्थाने आपला माळी बरोबर पाठवला होता. त्या गृहस्थाने इंग्लंडला धाडलेले एका माणसाचे ओझे वाईट अवस्थेत पोचूनही 300 पौंडांना विकले गेले. ज्याने फांदीवरच्या मुळांकडे इतक्या प्रेमाने पाहिले, त्याच माणसाने तीच फांदी ओरबाडली. आमरीच्या इतिहासातले हे दोन्ही प्रवाह एका पानावर भेटतात. पुढे टिकाऊ ठरला तो पाहण्याचा.

अशा पाहण्याचा उपयोग हूकर यांच्याही आधी केला होता तो माळ्यांनी. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचे मुख्य माळी असलेले जोसेफ पॅक्स्टन यांनी वेगवेगळ्या हवामानांतल्या रोपांसाठी वेगवेगळी काचघरे केली, झडपा उघडून वारा आत घेतला, आणि दमटपणासाठी वाफेऐवजी जमिनीवर पाणी शिंपडायला लावले. त्यांनी 1835 मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठवले होते, आणि रोप कुठल्या उंचीवर, कसल्या हवेत वाढते ही माहिती त्यांच्या लेखी रोपाइतकीच मोलाची होती. इथे कोणी म्हणेल, पॅक्स्टनच्या मागे ड्यूकची तिजोरी होती, मग श्रेय पैशालाच का देऊ नये? पैसा होता हे खरे. पण तो इतरांकडेही होता आणि त्यांची रोपे मेली. फरक पडला तो झडप उघडून पाहणाऱ्या हाताने. शिवाय हे ज्ञान ड्यूकच्या कुंपणात राहिले नाही. दुसऱ्याच्या बागेत माळीकाम करणाऱ्या बेंजामिन सॅम्युअल विल्यम्स यांनी 1851 मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या नियतकालिकात आमरीवर लेखमाला लिहिली. तिच्या शीर्षकातच लाखो लोकांसाठी आमरी असे आवाहन होते. पुढच्याच वर्षी तिचे पुस्तक झाले आणि त्याच्या आवृत्त्या शतक संपत येईपर्यंत निघत राहिल्या. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, त्यामुळे छोटे काचघर मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येऊ लागले होते. तरी काच स्वस्त झाल्याने रोप जगत नाही. त्यासाठी पाणी केव्हा घालायचे नाही हे कोणीतरी सांगावे लागते.

नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरची हकीकतही याच माळेतली. लंडनच्या गोदीजवळ, कारखान्यांच्या धुरात त्याचे घर होते. अंगणात नेचे लावायची त्याची हौस, पण काजळीने ते मरत. 1829 मध्ये पतंगाचा कोश बघण्यासाठी त्याने एका काचेच्या बाटलीत ओली माती भरून तोंड बंद केले, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवून आले. दिवसा मातीतले पाणी वाफ होऊन काचेवर जमायचे, संध्याकाळी पुन्हा मातीत उतरायचे. त्याने हे पाहिले आणि त्याचा अर्थ ओळखला. 1833 मध्ये अशा दोन बंद काचपेट्या थेट सिडनीला गेल्या आणि आतली रोपे जिवंत पोचली. त्यानंतर या पेट्यांतून जगभर रोपे हिंडली. जंगल लुटणेही त्यामुळे सोपे झाले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तीच पेटी लंडनच्या साध्या घरांच्या दिवाणखान्यात नेचे आणि शेवाळे घेऊन बसली. बाग नसलेल्या माणसालाही रोज एक हिरवी गोष्ट वाढताना बघता येऊ लागली ती तेव्हापासून.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर आहे तो प्रयोगशाळेचा. आमरी स्वस्त झाली ती काचेच्या चंबूत बी रुजवता आल्यामुळे. तिथे घरच्या बागवानाचा काय संबंध, असा प्रश्न येतो, आणि तो वाजवी आहे. आमरीचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो कण भरलेले असतात, पण कोवळ्या अंकुराला पोसायला त्यात शिदोरी जवळजवळ नसते. एक्झेटरचे शल्यवैद्य जॉन हॅरिस यांनी फुलातल्या परागांची रचना समजावून दिली, तिच्या आधारे व्हीच यांच्याकडचे माळी जॉन डोमिनी यांनी दोन कॅलँथे जातींचा संकर केला, आणि 1856 मध्ये माणसाने घडवलेली पहिली संकरित आमरी फुलली. बी पेरायचे कसे हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मातृरोपाच्या बुडाशी टाकलेले बी कधीकधी रुजते, एवढे माळ्यांनी अनुभवाने हेरले होते. ते तसे का होते, हे पुढे फ्रान्समधल्या नोएल बर्नार यांच्यामुळे उमगले. 1899 मध्ये फाँतेनब्लोच्या जंगलात पालापाचोळ्याखाली दबलेले एका आमरीचे बोंड त्यांना सापडले. त्यात बिया रुजत होत्या आणि प्रत्येक अंकुरात बुरशीचे धागे होते. अंकुराला पहिला घास बुरशी भरवते. मातृरोपाच्या मुळांत ती आधीच असते, म्हणून माळ्यांचा तोडगा अधूनमधून लागू पडत होता. पुढे कॉर्नेल विद्यापीठातले लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगर जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवता येते हे 1922 मध्ये दाखवले, आणि एका बोंडातून हजारो रोपे मिळू लागली. प्रयोगशाळेचे ऋण मोठे आहे, ते मान्यच. पण तिने ज्या कोड्याची उकल केली ते कोडे कुंडीपाशी बसणाऱ्यांनी आधी मांडून ठेवले होते, आणि चंबूतून बाहेर काढलेले इवलेसे रोप मोठे करण्याची विद्या तर पूर्णपणे त्यांचीच आहे.

सिंगापूरची अ‍ॅग्नेस जोआकिम ही याची मला सर्वांत आवडणारी साक्षीदार. आर्मेनियन कुटुंबातल्या या बाईने घरच्या बागेत दोन वांडांपासून नवा संकर मिळवला. तिथल्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी 1893 मध्ये त्याची नोंद करताना हा संकर तिनेच केल्याचे लिहिले. पुढे काही अभ्यासकांनी शंका काढली की परागीकरण एखाद्या भुंग्याने केले असेल आणि बाईंना रोप आयते सापडले असेल. रिडलींची समकालीन नोंद बाजूला सारण्याएवढा पुरावा या शंकेमागे मला दिसत नाही. आणि क्षणभर ही शंका खरी धरली, तरी बागेच्या गचपणातले एक फूल इतर फुलांसारखे नाही हे ओळखायला रोजचीच नजर लागते. ही आमरी भर उन्हात, कुंपणाला लावली तरी फोफावते आणि वर्षभर फुलते. 1981 मध्ये सिंगापूरने तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

आता आजचा आक्षेप. 1960 मध्ये जॉर्ज मोरेल यांनी आमरीच्या कोंबाच्या टोकापासून हुबेहूब तशीच रोपे वाढवण्याची वाट दाखवली, आणि त्यानंतर फॅलेनॉप्सिससारखी आमरी कारखान्यातल्या मालासारखी निघू लागली. दुकानातून फुललेली आणायची, फुले गळाली की टाकून द्यायची; यात कसली आली बागकामाची गोडी, असे जुने बागवान विचारतात. त्यांची खंत मला पटते, पण निष्कर्ष पटत नाही. फुले गळाल्यावर तीच कुंडी आठ-पंधरा दिवस नीट पाहावी. पारदर्शक कुंडीत मुळे रुपेरी पांढरी दिसतात. पाणी घातले की क्षणात हिरवी होतात, कारण त्यांच्यावरचे स्पंजासारखे आवरण पाणी शोषून पारदर्शक बनते आणि आतला हिरवा रंग वर येतो. मुळे पुन्हा रुपेरी झाली की पाण्याची वेळ झाली. टोक हिरवे, तुकतुकीत असेल तर मूळ वाढते आहे. ते मंदावले तर रोप विसाव्यात गेले आहे. पानाच्या बगलेतून येणारा कोंब मूळ आहे की फुलांचा दांडा, हे ओळखण्यात कितीतरी दिवस सुखात जातात. कारखान्याने स्वस्त केले ते रोप. बघण्याचे सुख त्याने कोणाकडून काढून घेतलेले नाही. पूर्वी जे ड्यूकच्या माळ्याला मिळत होते ते आता शिकवणी करणाऱ्या बाईला, निवृत्त कारकुनाला, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला मिळते, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडे आमरी परकी कधीच नव्हती. सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या खोडांवर ती सीतेच्या वेणीसारखे तुरे सोडते, आसामात तिची बहीण बिहूच्या दिवसांत केसांत माळली जाते. तिला बांडगूळ समजून खरवडून टाकणारे अजूनही भेटतात. ती झाडाचा रस घेत नाही, फक्त आधार घेते. अलेक्झांडर गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. 1861 मध्ये त्यांनी डॅल्झेल यांच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. 1966 मध्ये सांतापाव आणि कपाडिया यांचे मुंबई प्रांतातल्या आमरींवरचे पुस्तक आले. ओळख पटवायला ही पुस्तके उत्तम आहेत. वाढवायचे कसे, हे सांगणे त्यांचे काम नव्हते. ते इथला पाऊसच सांगतो. थंडीत पाने गाळून उघड्या काड्यांवर पांढरी फुले आणणाऱ्या सह्याद्रीतल्या डेंड्रोबियमला उन्हाळ्यात माया म्हणून रोज पाणी घालणे म्हणजे तिला मारणेच. जूनच्या पहिल्या सरीपर्यंत तिला कोरडे राहू द्यावे लागते. नारळाचे सोडण, कोळसा, विटेचे तुकडे आणि वाहता वारा, एवढे तिला पुरते.

घरी आमरी वाढवण्याच्या हौसेनेच जंगले ओस पडतात, हा शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि खासी टेकड्यांची हकीकत त्याच्या बाजूने साक्ष देते. पण तिथल्या वांडाचा घात केला तो तिला वाढवता न येणाऱ्यांच्या मागणीने. ज्यांना बीपासून रोप करता येते त्यांना फांदी ओरबाडायचे कारण उरत नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबत 1975 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही हा भेद मानला आहे. सगळ्या आमरींच्या व्यापारावर त्याचे नियंत्रण आहे, मात्र बहुतेक जातींच्या चंबूत वाढवलेल्या रोपांना त्यातून सूट आहे. भारताच्या वन्यजीव कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने निळ्या वांडाला संरक्षण दिले. म्हणून रोप घेताना ते कुठून आले हे विक्रेत्याला विचारावे. मुळांना झाडाची साल चिकटलेली असेल, पाने फाटकी असतील, कुंडीत बसण्याआधीच खोड जुनाट दिसत असेल, तर ते जंगलातून उपटलेले असण्याची शक्यता मोठी. ते घेऊ नये. सह्याद्रीतल्या जाती बीपासून वाढवून घराघरांत द्यायचे काम आपल्या रोपवाटिकांनी आणि कृषी महाविद्यालयांनी मोठ्या प्रमाणावर हाती घ्यायला हवे. त्यासाठी लागणारी विद्या नडसन यांच्या प्रयोगापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, उपलब्ध आहे.